रानोजीने डोकं कोणासाठी दिलं? आमच्या वहीतली एक खोडलेली नोंद

१ ऑगस्टची संध्याकाळ होती. लोहाऱ्यात बौद्ध आणि मातंग वस्तीतल्या पोरांनी मिळून पहिल्यांदाच अण्णा भाऊ साठेंची जयंती एकत्र केली होती. बॅनर मोठं, त्यावर आमचे फोटो त्याहून मोठे. आमच्यातल्या एकाने माईक घेतला आणि सुरू झाला. फकिराने बापाच्या खुनाचा बदला कसा घेतला, बापू खोताचं मुंडकं एका घावात कसं उडवलं, हे त्याने अशा आवेशात सांगितलं की टाळ्या थांबेनात. आम्हीही टाळ्या वाजवल्या.

कार्यक्रम संपल्यावर खुर्च्या एकावर एक चढवत होतो, तेव्हा मातंग वस्तीतले एक वयस्क बाबा जवळ आले. त्यांनी आवाज चढवला नाही, चारचौघांत पाणउतारा केला नाही. हळूच म्हणाले, "बाप्पा, पुस्तक वाचलं का तुमी? फकिरानं खोताले मारलंच नाई. हात तोडला आन् सोडून देल्लं त्याले."

आम्ही आठ जण तिथे होतो. 'फकिरा' एकानेही वाचलेली नव्हती. कोणी सिनेमाबद्दल ऐकलं होतं, कोणी व्हॉट्सॲपवर चार ओळी वाचल्या होत्या. बापाला मारणारा माणूस हाती सापडला असताना त्याला जिवंत सोडणं, हीच त्या नायकाची मोठी गोष्ट. तीच आम्ही भर सभेत उलटी सांगितली होती. आणि ज्यांचा तो नायक, त्यांच्याच दारात.

ही वही त्या शरमेतून निघाली.

लोहारा ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. यवतमाळहून दारव्ह्याकडे जाताना हे गाव लागतं. आता ते शहरालाच चिकटलं आहे. एमआयडीसी आहे, त्यामुळे आमच्यातले निम्मे शिफ्टवर असतात. उरलेल्यांत कोणी पोलीस भरतीसाठी पहाटे धावतं, कोणी स्पर्धा परीक्षेचे गठ्ठे पाठ करतं. तिघी मुली आहेत, त्यांतल्या एकीचं लग्न ठरायच्या बेतात आहे. रविवारी संध्याकाळी विहारात वंदना झाली की तासभर बसायचं, एक कादंबरी थोडी थोडी वाचायची आणि दोनशे पानी वहीत तिच्यातल्या माणसांबद्दल लिहायचं, असं ठरलं. वही एकच. दर आठवड्याला ती एकाच्या घरी जाणार.

'फकिरा' लगेच मिळाली नाही. विहाराच्या कपाटात उद्धव शेळके यांची 'धग' सापडली, तीच घेतली. १९६० सालची कादंबरी. आत सगळे आपल्याच बोलीत बोलतात. आमच्यातल्या एकीला हे खरंच वाटेना. ती म्हणाली, "पुस्तकात असं लिहिता येते?" शाळेत तिचं "मले" मास्तरांनी दरवेळी "मला" करून दिलं होतं.

पहिल्या महिन्याच्या नोंदी आज वाचल्या की हसू येतं. "कौतिक ही कष्टाळू, सोशिक व प्रेमळ स्त्री आहे. महादेव हा आळशी व बेजबाबदार आहे." संपलं. शाळेत स्वभावचित्राच्या प्रश्नाला चार विशेषणं लिहिली की चार गुण मिळायचे, तीच सवय. असं लिहायला कादंबरी वाचावी लागत नाही, गाईड पुरतं.

ही सवय मोडली ती आमच्यातल्या एकाच्या आईने. वही त्याच्या घरी होती आणि तो मोठ्याने वाचत होता. आई दुसऱ्याच्या वावरात निंदण करून आली होती, चुलीपुढे बसली होती. "सोशिक" हा शब्द ऐकून म्हणाली, "सोशिक काहाले लिहितं रे? तिले दुसरा रस्ता होता का? रस्ता असून नाई गेली, त् सोशिक म्हनाव."

पुढच्या रविवारी त्याने हे जसंच्या तसं सांगितलं. बराच वेळ कोणी बोललं नाही. मग आम्ही पहिली बारा पानं काढली आणि त्यातली विशेषणं लाल पेनाने खोडली. बारा पानांत उरलं काय? कौतिक नावाची बाई आहे, तिला नवरा आहे, मुलं आहेत. एवढंच.

तेव्हापासून नियम झाला. माणसाबद्दल लिहायचं तर त्याने काय केलं ते लिहायचं आणि पुढे पान क्रमांक टाकायचा. कोणासाठी केलं? त्याची किंमत कोणी मोजली? दुसरा रस्ता होता का? असला तर तो कोणी बंद केला? आपल्याला काय वाटलं ते सगळ्यात शेवटी, आणि तेही पेन्सिलने, कारण ते बदलतं. महादेवच्या बाबतीत ते खरंच बदललं. नवरा म्हणून आधी त्याला शिव्याच घातल्या होत्या. पुढे त्याला महारोग होतो. ते प्रकरण वाचल्यावर त्याच शिव्या कोणी तरी रबराने अर्ध्या पुसलेल्या दिसल्या. कोणी पुसल्या हे आम्ही विचारलं नाही. कौतिकची नामाला शिकवायची धडपड वाचताना मात्र सगळेच गप्प होते. आमच्यापैकी तिघांची शाळा आठवी-नववीतच सुटलेली आहे.

इथे चळवळीतल्या आमच्या एका ज्येष्ठ भाऊंचा आक्षेप सांगितला पाहिजे, कारण तो अनेकांचा आहे. ते म्हणाले, "पोरांनो, कथा-कादंबऱ्यांनी अत्याचार थांबतात का? बाबासाहेबांचे खंड वाचा. त्यांनी कुठं कादंबऱ्या चघळल्या?"

आम्ही त्यांना खंडच दाखवला. चौथा. 'रिडल्स इन हिंदुइझम'. महाराष्ट्र शासनाने तो १९८७ साली छापला आणि केवढं वादळ उठलं, हे जुन्या कार्यकर्त्यांना आम्ही सांगायची गरज नाही. ज्या परिशिष्टावरून ते वादळ उठलं, त्यात बाबासाहेबांनी केलं काय? वाल्मिकीचंच रामायण उघडलं आणि राम या पात्राने काय काय केलं ते मांडलं. वालीला कसं मारलं, सीतेला कसं वागवलं, शंबूकाचा वध का केला. लोक त्याला काय म्हणतात ते बाजूला ठेवलं आणि पुस्तकात त्याने काय केलं तेवढंच पुढे ठेवलं. त्याआधी १८७३ साली जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी'त हेच केलं होतं. धोंडिबा विचारतो आणि जोतीराव एकेका अवताराची उलटतपासणी करतात. परशुराम चिरंजीव आहे ना? मग मुदत घालून त्याला हजर राहण्याची नोटीसच काढली! तेव्हा पात्राची चिकित्सा हा विद्यापीठातल्या मंडळींचा रिकामा उद्योग आहे असं कोणी समजू नये. हे हत्यार आपल्याच घरातलं आहे. आपणच ते गंजू दिलं.

भाऊंचा दुसरा प्रश्न अत्याचाराचा होता. त्याचं उत्तर आम्हाला अनुभवातून मिळालं. जवळच्या एका गावात वाद झाला, जातीवरून शिवीगाळ झाली. तक्रार लिहायला आमच्यातली एक मुलगी सोबत गेली. तिथल्या कार्यकर्त्याने लिहिलेल्या अर्जात "जातीयवादी, गुंड प्रवृत्तीच्या, मनुवादी मानसिकतेच्या इसमांनी अमानुष छळ केला" असं दीड पान होतं. कोण, कुठे, कोणाच्या देखत, कोणत्या शब्दांत, यातलं काहीच नव्हतं. ॲट्रॉसिटी कायद्यात जातीवरून अपमान केल्याचं कलम लावायचं तर तो लोकांच्या नजरेसमोर झाला हे दाखवावं लागतं. विशेषणांना तिथे किंमत नाही. तिने अर्ज बाजूला ठेवला आणि बाईला विचारत विचारत पुन्हा लिहिला. आधी काय झालं, मग कोण काय म्हणालं, तेव्हा ओट्यावर कोण बसलं होतं. परत आल्यावर ती म्हणाली, वहीसारखंच तर लिहायचं होतं.

भाऊ त्यानंतर वहीवर बोलले नाहीत. आलेही नाहीत. असो.

आता 'फकिरा'कडे येतो. पुढच्या उन्हाळ्यात ती मिळाली. १९५९ ची कादंबरी, १९६१ ला राज्य सरकारचा पुरस्कार, बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केलेली. भाषणासाठी ही माहिती आम्हाला आधीही पाठ होती. जयंतीत आमच्यासोबत राबलेला मातंग वस्तीतला एक मित्रही आता बसू लागला. तो एमआयडीसीत रात्रपाळी करायचा, डोळे लाल असायचे, पण यायचा.

ज्यांनी वाचली नाही त्यांच्यासाठी: फकिराचा बाप रानोजी. वाटेगावात जोगणीची जत्रा भरत नाही याची खंत गावाला आहे. रानोजी एकटा शिगावच्या जत्रेत घुसतो, जोगणी उचलतो आणि वाटेगावच्या शिवेपर्यंत आणतो. बापू खोत त्याचं डोकं उडवतो. वाटेगावची जत्रा सुरू होते ती त्या डोक्याच्या मोलावर. पुढचा फकिरा, दुष्काळ, धान्याची लूट, इंग्रजांची हजेरी, फास, हे सगळं त्यानंतरचं.

रानोजीची नोंद आमच्यातल्या एका बौद्ध पोराने लिहिली. ती अशी: "ज्या गावाने वेशीबाहेर ठेवलं त्या गावाच्या जत्रेसाठी डोकं दिलं. कोणासाठी? पाटलासाठी. फायदा कोणाला? गावाला. गुलामी मानसिकता."

आम्हाला ती फार आवडली. "एकदम आंबेडकरी विश्लेषण" असं कोणी तरी म्हणालंही.

मातंग मित्राने वही घेतली, दोनदा वाचली. मग विचारलं, "हे शेवटचं काय आहे? काम लिवायचं ठरलं होतं ना? हे त् विशेषण झालं."

लिहिणारा म्हणाला, "निष्कर्ष आहे तो."

"तुमच्या मानसाच्या पानावर असं लिवलं असतं का तुमी? पेनानं?"

पेनाने, ही गोष्ट आमच्या लक्षातच आली नव्हती. मत पेन्सिलने लिहायचं हा आमचाच नियम. आवाज वाढले. कोणी म्हणालं चिकित्सा सहन होत नसेल तर काय उपयोग, कोणी म्हणालं तुम्ही अजून देवदेवतांतच आहात. हे वाक्य कोणाचं, हे आम्ही इथे लिहीत नाही. पण ते आमच्यातल्याच एकाचं आहे आणि ते ऐकून बाकीचे गप्प राहिले, हे लिहिलं पाहिजे. तो उठला, चप्पल घातली आणि गेला.

वाचकहो, या वाक्यावर जरा थांबा. गावोगावी संयुक्त जयंत्या होतात, एका बॅनरवर बाबासाहेब आणि अण्णा भाऊ शेजारी असतात, आणि खालच्या माणसांच्या बोलण्यात हे वाक्य कुठे ना कुठे असतंच. पुढे गेलेल्याने मागे राहिलेल्याला चिकित्सा शिकवायची, आणि स्वतःच्या घरातल्या फोटोंना मात्र फक्त हार घालायचे. आम्ही 'फकिरा' वाचली ती "त्यांची" कादंबरी म्हणून. 'धग'मधल्या शिंप्याच्या महादेवला आम्ही रबराने पुसून माफी दिली. रानोजीला मात्र पेनाने निकाल सुनावला.

पुढे आषाढी पौर्णिमा आली. वर्षावासाचे तीन महिने विहारात 'बुद्ध आणि त्यांचा धम्म'चं वाचन असतं, त्यामुळे वही कपाटात गेली. त्या काळात आमच्यातली दोघंतिघं ती काढून जुन्या नोंदी वाचत. एकीच्या लक्षात आलं की राधाबाईच्या पानावर तीनच ओळी आहेत. राधाबाई म्हणजे रानोजीची बायको, फकिराची आई. रानोजीवर दोन पानं, फकिरावर अकरा, विष्णुपंत कुलकर्ण्यावर चार. कुलकर्ण्यावर चार का? कारण चांगला ब्राह्मण दाखवला म्हणून आम्ही अण्णा भाऊंवर नाराज होतो आणि तावातावाने लिहीत सुटलो होतो. नवऱ्याचं डोकं आणि मुलाचं आयुष्य जिचं गेलं, तिला तीन ओळी. नायजेरियाचे लेखक चिनुआ अचेबे यांनी १९७५ साली अमेरिकेतल्या एका व्याख्यानात जोसेफ कॉनरॅडच्या गाजलेल्या कादंबरीवर असाच बोट ठेवणारा आक्षेप घेतला होता. आफ्रिकेवरच्या त्या पुस्तकात आफ्रिकेच्या माणसांना बोलायलाच दिलेलं नाही, असं त्यांचं म्हणणं. आम्ही हा दाखला मोठ्या अभिमानाने वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवला होता. आणि आमच्याच वहीत राधाबाई मुकी. अण्णा भाऊंनी तिला बोलायला दिलं आहे. लिहून घेतलं नाही ते आम्ही.

जाता जाता एक. २००४ साली दिल्लीत काही दलित लेखक-कार्यकर्त्यांनी प्रेमचंदांच्या 'रंगभूमी'च्या प्रती जाळल्या होत्या. नायक सूरदासच्या नावाशी जातीचा उल्लेख सारखा येतो, हा आक्षेप होता. राग आम्हाला कळतो. पण मनुस्मृती जाळणं वेगळं होतं. तो माणसांवर चालवलेला कायदा होता. कादंबरी हा साक्षीदाराचा जबाब आहे, मग साक्षीदार आपल्या बाजूचा असो की नसो. जबाब जाळला तर उलटतपासणी कशाची घेणार?

धम्मचक्र प्रवर्तन दिनाला नागपूरला जाऊन आलो, त्यानंतरच्या रविवारी तो मित्र विहाराच्या दारात उभा होता. आम्ही त्याच्या घरी गेलो होतो का? दोनदा गेलो होतो. तो रात्रपाळी करून झोपलेला होता आणि आम्हाला उठवायचा धीर झाला नाही. त्याच्या हातात शंभर पानी वही होती, वर कार्टूनचं चित्र. भाचीची असावी. म्हणाला, "रानोजी मी लिवला. वाचू का?"

त्याच्या नोंदीचा सारांश असा. रानोजीला हुकूम कोणी दिला नव्हता. तो स्वतः ठरवून गेला, एकटा गेला. गावाला जे कोणालाच जमलं नव्हतं ते वेशीबाहेरच्या माणसाने करून दाखवलं आणि सगळं गाव मांगवाड्याच्या कर्जात घातलं. पुढे दुष्काळात आणि हजेरीच्या काळात विष्णुपंत मांगांच्या बाजूने उभा राहतो, तो केवळ चांगला म्हणून नव्हे. त्याच्या गावाच्या डोक्यावर ते कर्ज आहे म्हणून. म्हणून विष्णुपंताचं चार पानांचं श्रेयही रानोजीच्या पानावर यायला पाहिजे. प्रत्येक वाक्यापुढे पान क्रमांक होता. विशेषण एकही नव्हतं.

सगळ्यांना पटलं असं नाही. आमच्यातल्या एकीने तिथेच विचारलं, की कर्ज फेडायचं की नाही हे शेवटी कर्जदाराच्या मर्जीवर असेल तर मांगवाड्याच्या हातात काय राहिलं? पुढे पाटील बदलला की हजेरी कडक होतेच ना? उपकाराची फेड वेगळी आणि हक्क वेगळा, बाबासाहेब हक्काची भाषा बोलले. तो म्हणाला, बरोबर आहे, पण रानोजीच्या काळात हक्काचा कागद कुठं होता? त्याच्याकडं डोकंच होतं. दोन्ही म्हणणी आम्ही वहीत समोरासमोरच्या पानांवर उतरवली, पेन्सिलने. जुनी नोंद फाडली नाही. त्यातले शेवटचे दोन शब्द खोडले, आणि खोडलेले वाचता येतील असेच खोडले. ज्याने ते लिहिले होते त्यानेच खोडले.

"तुम्ही अजून देवदेवतांतच आहात" म्हणणाऱ्याने माफी मागितली का? मागितली, पण चहाच्या टपरीवर, वहीसमोर नाही.

मग पुढचं पुस्तक कोणतं, यावर बोलणं आलं. मित्र म्हणाला, "आता तुमचा माणूस घ्या. 'बलुतं' घ्या."

आम्ही म्हणालो, ती कादंबरी नाही, दया पवारांचं आत्मकथन आहे, १९७८ चं. त्यात पात्र कुठलं? त्याने लगेच उत्तर दिलं, "फकिराही अण्णा भाऊच्या नात्यातलाच होता म्हन्ते. तो पात्र होऊ शकते, त् दगडू काहून नाई?" यावर आमच्याकडे उत्तर नव्हतं. 'बलुतं' आली तेव्हा आपल्यातल्याच काहींनी नाकं मुरडली होती, घरातली घाण चव्हाट्यावर मांडली म्हणून, हेही आम्हाला ठाऊक होतं. दगडूने आपल्या बायकोवर, सईवर, संशय घेतला आणि तिला टाकलं, हे आमच्यातल्या ज्यांनी वाचलं होतं ते एकमेकांकडे बघत राहिले.

गेल्या रविवारी पान उघडलं. डाव्या बाजूला "दगडू", उजव्या बाजूला "सई", आणि सईला निदान तेवढीच जागा मिळावी म्हणून मधोमध पट्टीने रेघ. काय केलं, या रकान्यात पहिली ओळ कोणी लिहायची यावर दहा मिनिटं गेली. शेवटी लग्न ठरायच्या बेतात असलेल्या आमच्या मैत्रिणीने वही ओढून घेतली आणि लिहिलं, "संशय घेतला." पान क्रमांक टाकला. मग उजव्या बाजूला सईच्या नावाखाली विचारलं, "दुसरा रस्ता होता का?" आणि पेन्सिल मित्राच्या हातात दिली.

वही या आठवड्यात त्याच्याकडे आहे.